घरची शाळा आणि मोठी लेक

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)

 

मला भाषणाची सवय नाही. समितीनं सांगितलं, "ताई, कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा तुम्ही घरकाम सांभाळून चार पोरं कशी शिकवली, ते सांगा." म्हणून उभी राहिले. पण सांगायचं तर माझी चूकही सांगावी लागेल. ती लपवून नुसती बढाई मारली, तर विहारात उभं राहून खोटं बोलल्यासारखं होईल.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या जूनला आमच्या घरात मोठी लेक सहावीत, तिच्या पाठचा चौथीत, तिसरी दुसरीत आणि धाकटा अंगणवाडीत. मोबाईल एकच, तोही यांच्या खिशात. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' लागायचं. ज्यांच्या घरी टीव्ही, त्यांना त्याचा आधार झाला. पण टीव्ही पोराला विचारत नाही, "समजलं का रे?" ते विचारायला घरात माणूस लागतं.

मी सातवी शिकलेली. चौघांना चार वेळा शिकवायला बसले असते तर आमच्या घरात चूलच पेटली नसती. म्हणून एकच वेळ ठरवली, संध्याकाळी भाकरी थापायची. चुलीजवळ सतरंजी टाकायची आणि चौघांनी तिथंच बसायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं ऐकून चार ओळी लिहायच्या. धाकट्यानं ताटात राख पसरून बोटानं अक्षर काढायचं. भाकरी मोजायच्या त्यानंच. पाच माणसांना दोन-दोन तर किती, आणि एकानं तीन खाल्ल्या तर उरल्या किती? कपाशी वेचायला गेलो की मजुरी किलोवर. रोज किती किलो वेचलं ते कागदावर टिपून ठेवायचं आणि आठवड्याचा हिशोब चौथीतल्यानं मांडायचा. रेशनची पावती, एसटीचं वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरची तारीख, सगळं वाचायला द्यायचं.

सहावीचं गणित मला येत नव्हतं. तेव्हा मी लेकीला म्हणायचे, "तू मला शिकव." सांगता सांगता ती अडली की समजायचं, गाडी इथं रुतली. तिथं पेन्सिलीनं खूण करायची आणि गुरुजी गल्लीत आले की विचारायचं. बायांनो, आपल्याला येत नाही म्हणून पोराजवळ बसायचं टाळू नका. बसायला डिग्री लागत नाही.

हे काही मी नवीन शोधलं नाही. भगवान बुद्धांनी राहुलाला खोटं न बोलण्याचा उपदेश केला, ती कथा आपण वर्षावासात ऐकतो. राहुलानं पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. बुद्धांनी पाय धुऊन भांड्यात थोडंसं पाणी राहू दिलं आणि विचारलं, राहुला, हे उरलेलं पाणी दिसतं का? जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचं श्रमणपण एवढंच थोडं असतं. मग ते पाणी फेकलं, भांडं उपडं केलं, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवलं. शिकवायला वेगळं साहित्य आणलं नाही. हातात जे भांडं होतं, त्याचाच धडा झाला. आपल्या घरात तर भांड्यांना तोटा नाही!

आता माझी चूक सांगते.

शेताची कामं सुरू झाली तसा माझा पाय घरात ठरेना. मी मोठ्या लेकीला म्हटलं, "तू मोठी आहेस, आता तूच घे यांचा अभ्यास." तिनं घेतला. त्याबरोबर पाणी भरलं, भांडी घासली, धाकट्याला जेवू घातलं. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, आमची मास्तरीण बघा! शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा लहान भावंडं धडाधड वाचत होती. आणि मोठीला भागाकारात दशांश चिन्ह कुठं द्यायचं ते सांगता येईना. तिची वही उघडली. मधली पानं कोरी. शेवटच्या पानांवर मात्र धाकट्यांना गिरवायला तिनं सुंदर अक्षरात कित्ते घालून दिलेले. ती वही बघून माझ्या पोटात कालवलं. तीन पोरं शिकावीत म्हणून मी चौथीची शाळा घरातच बुडवली होती.

सोयरे म्हणायला लागले, "आता कशाला पाठवता? हाताखाली आली." खरं सांगते, एकदा माझ्याही मनात ते येऊन गेलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण घरातल्या कामाला जुंपलेल्या लेकीला त्या हक्कापर्यंत पोचवायचं कोणी? ते काम आईबापाचंच.

त्या दिवसांत मला सुभेदार रामजींची गोष्ट नव्यानं कळली. ती आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. परळला चाळीतली एक खोली. तिथंच चूल, तिथंच झोपणं, तिथंच अभ्यास. भिवाला लवकर झोपवायचं, आपण जागायचं आणि रात्री दोनला त्याला उठवून दिव्यापुढं बसवायचं. तर्खडकरांची भाषांतरमाला पाठ करून घ्यायची. पुस्तकाला पैसे नसले की सुभेदार लेकींकडे जायचे, त्यांचे दागिने गहाण ठेवून पुस्तक आणायचे आणि पेन्शन आली की सोडवायचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

ही गोष्ट ऐकताना मी नेहमी भीमरावांकडेच बघत होते. या वेळी घरातल्या बाकीच्या माणसांकडे बघितलं. अभ्यासाला बसलं कोण? बाप. आई भीमाबाई तर भिवा लहान असतानाच गेल्या होत्या. मग घर कोणी सांभाळलं? मीराबाई आत्यानं. पैसा कोणाच्या अंगावरून उतरला? बहिणींच्या. एक पोरगा शिकला त्यामागं एवढी माणसं उभी होती. आणि आपण मात्र चूल, शेत, धुणं आणि चार पोरांचा अभ्यास एकाच बाईच्या डोक्यावर देतो. तिला झेपलं नाही की तिच्यावरचा भार उतरतो मोठ्या लेकीच्या डोक्यावर.

मी हे यांना सांगितलं. भांडण केलं नाही, ती वही पुढं ठेवली. त्यांनी बराच वेळ पानं उलटली. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा एक तास त्यांनी घेतला. पहिले काही दिवस त्यांनाच लाज वाटायची. बाहेरून कोणी हाक मारली की उठून जायचे. हळूहळू बसू लागले. पाणी भरायचं काम चौथीतल्या मुलाकडे दिलं. त्यानं तोंड वाकडं केलं, पण भरलं. मोठीला त्या तासात कोणी काम सांगायचं नाही, असा घरात नियम झाला. भागाकार तिनं पुन्हा पहिल्यापासून केला. आज ती कॉलेजला जाते.

बंधू-भगिनींनो, घरची शाळा ही सरकारी शाळेच्या जागी नाही. पोरानं रोज शाळेत गेलंच पाहिजे. पण शाळेतून आल्यावर त्याच्याजवळ कोणी बसतं का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. बाबासाहेबांनी पहिला शब्द 'शिका' दिला, तो फक्त पोरांना दिला नाही. जोतिरावांनी सावित्रीमाईंना घरातच शिकवायला सुरुवात केली आणि १८४८ साली त्याच माई पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींना शिकवू लागल्या. नवऱ्यानं घरात शिकवण्यासाठी दिलेला वेळ कुठवर पोचतो, ते यावरून दिसतं.

म्हणून आज वर्धापनदिनी माझी समितीला एक विनंती आहे. आपल्या कळसाडीतल्या या विहारात वंदना झाल्यावर दिवा लगेच मालवू नये. एक तास पोरांना अभ्यासाला बसू द्यावं. रोज एका घरातल्या माणसानं पाळीनं तिथं बसावं, आणि त्या पाळीत पुरुषांची नावं आधी लिहावीत. हसू नका, मी खरंच सांगते आहे! ज्या घरात मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते, त्या घरानं निदान तो एक तास तिला मोकळं सोडावं. धाकटी पोरं तिच्यासोबत येऊ देत, इथं सांभाळायला आपण आहोत.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. मोठ्या लेकीची वही उघडा आणि बघा, पानं कोरी तर नाहीत ना.