चकाकीचा जमाखर्च



काल या व्यासपीठावर वेदान्तावर व्याख्यान झाले, उद्या शेतीच्या अर्थकारणावर होणार आहे. या दोन थोर विषयांच्या मधोमध मी मोटारीच्या रंगावरचे बारीक चरे घेऊन उभा आहे. पण ज्याचे सारे आयुष्य रंगशाळेत गेले, त्याने दुसऱ्या कशावर बोलावे? शिवाय या चऱ्यांपायी माणसे पैसे घालवतात, गाडीचा रंग घालवतात, आणि कधीकधी एखाद्या गरिबाची रोजीही घालवतात. तेव्हा विषय दिसतो तितका किरकोळ नाही.

व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी काही जण मोटारीकडे जातील. तिथे खांबावरच्या दिव्याचे प्रतिबिंब बॉनेटवर शोधा. गाडी काळी किंवा गडद निळी असेल, तर त्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतील. ती पाहून सर्वसाधारण निदान असे होते की, पुसणाऱ्याने फडका गोल गोल फिरवला, म्हणून वर्तुळे पडली. आता सरळ रेषेत पुसावे. हा उपदेश मी स्वतः कित्येक वर्षे केला. तो अर्धाच खरा आहे.

घरी गेल्यावर रोजच्या वापरातले स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. तीच वर्तुळे दिसतील. आता मान थोडी हलवा. प्रतिबिंब सरकेल आणि त्याच्याबरोबर वर्तुळेही सरकतील. चरा काही जागचा हलत नाही. मग सरकते ते काय? वस्तुस्थिती अशी की, पृष्ठभागावर चरे चारी दिशांना पडलेले असतात. पण प्रतिबिंबापासून बाहेर जाणाऱ्या रेषेला जे आडवे असतात, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्याकडे फेकतात. बाकीचे अंधारात राहतात. चोहोबाजूंचे हे आडवे चरे मिळून वर्तुळाचा भास होतो. पानगळ झालेल्या झाडामागे रस्त्यावरचा दिवा असला, तर त्याच्या काटक्यांतही असेच कडे दिसते. सारांश, सरळ पुसले तरी चरे पडतातच. फक्त ते एका दिशेचे होतात आणि थोडे कमी दिसतात.

मग चरे पाडतो कोण? फडका नव्हे, फडक्याखालची धूळ. धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली जी श्रेणी घालून दिली, तिच्यात हिरा १० व्या पायरीवर आहे आणि सिलिका ७ व्या. आपल्या काळ्या पाषाणाच्या भुकटीतले मुख्य कणही साधारण ६ च्या आसपास येतात. लोखंडी चाकूला न जुमानणारे हे कण मोटारीच्या रंगाला काय दाद देणार? सकाळी कोरडा फडका फिरवून आपण गाडी स्वच्छ करतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण ती अत्यंत बारीक पॉलिश पेपरने घासत असतो, आणि तेही रोज, नेमाने!

आता रंगाची रचना पाहू. जुन्या अँबॅसडर आणि फियाट गाड्यांवर रंग हाच सर्वांत वरचा थर असे. तिला पॉलिश केले की फडक्याला गाडीचा रंग लागे. १९८० नंतरच्या दशकांत दुसरी पद्धत रूढ झाली. पत्र्यावर अस्तराचे थर, त्यावर रंगाचा पातळ थर, आणि त्यावर बिनरंगी पारदर्शक लेप. आजच्या बहुतेक गाड्यांची चकाकी या लेपाची आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्येही त्यातच असतात. त्याची जाडी किती? साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण गाडी वैशाखाच्या उन्हात उभी करतो, तो थर केसाहूनही पातळ आहे.

आता मुख्य प्रश्न. हे चरे काढायचे कसे? माझे पहिले म्हणणे असे की, चरा ‘काढता’ येतच नाही. डाग ही वस्तू आहे, ती काढता येते. चरा म्हणजे तिथल्या वस्तूची उणीव. उणीव कशी काढणार? तिच्यावर दोनच उपाय संभवतात. एक, ती भरून काढायची. दुसरा, भोवतालची सारी जमीन खड्ड्याच्या तळाइतकी खाली आणायची.

पहिला उपाय मेणाचा. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर कार्नौबा नावाचे मेण मिळते. ते किंवा तसलेच तेलकट द्रव्य चऱ्यांत भरले की गाडी नव्यासारखी दिसते. चार-सहा धुण्यांत भरण निघून जाते आणि चरे जिथल्या तिथे उभे राहतात. यात लबाडी नाही. मात्र याला ‘कायमचा उपाय’ म्हणून विकणे ही लबाडी आहे.

दुसरा उपाय पॉलिशचा. पॉलिशमध्ये ॲल्युमिनासारख्या कठीण द्रव्याचे अतिसूक्ष्म कण असतात. स्पंजाच्या चकतीवर ते लावून यंत्राने फिरवले की लेपाचा वरचा अंश घासला जातो, चऱ्यांच्या कडा झिजतात आणि पृष्ठभाग सपाट होतो. तोही अगदी चरेविरहित होत नाही. डोळ्याला दिसणारे चरे जाऊन न दिसण्याइतके बारीक चरे उरतात, इतकेच. डोळ्याचे समाधान होते, कारण प्रकाश पुन्हा एका दिशेने परततो आणि काळा रंग राखाडी न दिसता काळा दिसतो.

हे काम करायचा क्रमही सांगतो. गाडी प्रथम भरपूर पाण्याने धुवावी. हात फिरवून खरखर लागली, तर त्यासाठी मिळणाऱ्या चिकणमातीसारख्या गोळ्याने, ओल्या पृष्ठभागावर, चिकटलेले कण उचलून घ्यावेत. मग चऱ्यावरून अलगद नख फिरवावे. नख अडले, तर तो चरा खोल आहे. पॉलिशच्या नादी लागू नये. नख अडले नाही, तर सावलीत, पत्रा थंड असताना, दोन फूट लांब-रुंद तुकड्यावर प्रयोग करावा. सर्वांत मऊ चकती आणि सर्वांत सौम्य पॉलिश प्रथम; भागले नाही तरच पुढची पायरी. शेवटी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तुकडा पुसावा. त्यामुळे तेल निघून जाते आणि चरे खरोखर गेले की नुसते भरले, हे कळते. तुकडा साधला, की मगच सारी गाडी.

यातली प्रत्येक पायरी मी चुकून शिकलो आहे. उमेदीच्या काळात एका स्नेह्याची काळी गाडी मी हौसेने हाती घेतली. यंत्र जोरात फिरणारे, हात नवशिका, आणि बॉनेटच्या कडेवर चिकटपट्टी लावायचा कंटाळा. कडेवर लेप मुळात पातळ असतो आणि यंत्राचा सगळा भार तिथे एका रेषेत येतो. दोन क्षणांत कड तापली आणि लेप पार होऊन खालचा रंग उघडा पडला. सारे बॉनेट माझ्या खर्चाने पुन्हा रंगवून द्यावे लागले. स्नेही चांगले होते, ते काही बोलले नाहीत. ते मला अधिक लागले.

त्या दिवसापासून मी पॉलिशकडे खर्च म्हणून पाहू लागलो. लेप हे गाडीबरोबर मिळालेले भांडवल आहे. प्रत्येक पॉलिश त्यातून काही मायक्रॉन काढून नेते आणि त्यात भर कधीच पडत नाही. एकदा, दोनदा ठीक. पण दर दिवाळीला पॉलिश करणारा माणूस व्याजावर नव्हे, मुदलावर जगत असतो. पुढे लेप उन्हाने पांढरा पडून पापुद्रे सुटू लागले की, पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून गाडी कोणाकडे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. थराची जाडी यंत्राने मोजता का? चरे भरणार की घासणार? शेवटी अल्कोहोलने पुसून दाखवाल का? उत्तर द्यायला जो कचरेल, त्याच्या दारातून परत या.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः इथे आलो, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गृहरचना संस्थेच्या सभेला मला बोलावले होते. तक्रार अशी की, पहाटे गाड्या पुसणारा मुलगा गाड्या खराब करतो. त्याला काढून टाकावे आणि त्या महिन्याचा पगार देऊ नये. मी म्हटले, आधी त्याची बादली दाखवा. बादली आली. तळाला बोटभर गाळ. फडका म्हणजे कोणाच्या तरी जुन्या बनियनचा तुकडा. मुलाला विचारले, “पाणी किती मिळतं?” तो म्हणाला, “एका गाडीला अर्धी बादली, साहेब. जास्त घेतलं तर वॉचमन ओरडतो.” हा नियम कोणी केला होता? त्याच सभेने! पाणीटंचाईमुळे केला होता, त्यात गैर काही नव्हते. पण अर्ध्या बादलीत रोज गाडी पुसायला लावायची आणि चरे पडले की पुसणाऱ्याला धरायचे, हा न्याय कुठला?

मी फळ्यावर साधा हिशेब मांडला. रोजची अर्धी बादली म्हणजे आठवड्याच्या साडेतीन बादल्या. पाणी तेवढेच ठेवा; फक्त रोजचे पुसणे बंद करा आणि आठवड्यातून एकदा नीट धुवा. दीड बादली आधी नुसती ओतून धूळ वाहू द्यावी. एक बादली साबणाची, एक फडका खळबळण्यासाठी. फडका मायक्रोफायबरचा, त्याच्या सूक्ष्म तंतूंत कण ओढला जातो, रंगावर फरफटत नाही. वरून खाली यावे. चाकांचा फडका वेगळा. जमिनीवर पडलेला फडका धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. मधल्या सहा दिवसांत फक्त काचा पुसाव्यात.

सभेत एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे सहा दिवस गाडी धुळकट दिसणार?” मी म्हटले, होय, दिसेल. धूळ नुसती बसून राहिली तर रंगाला ओरखडत नाही. ती पुसण्याची घाई ओरखडते. पक्ष्याची विष्ठा तेवढी लगेच, भरपूर ओली करून उचलावी. बरीच चर्चा झाली. अखेर मुलाचे काम राहिले, पगारही राहिला, आणि सभेने त्याला प्रत्येक गाडीमागे दोन चांगले फडके घेऊन द्यायचे ठरवले. वर्षाने मी मुद्दाम त्या गाड्या पाहायला गेलो. जुने चरे होतेच. पण ज्या गाड्या मधल्या काळात नव्या आल्या होत्या, त्या दिव्याखाली जवळजवळ स्वच्छ होत्या.

तेव्हा श्रोतेहो, आज घरी जाताना बॉनेटवर वर्तुळे दिसली तर पॉलिशवाल्याचा पत्ता शोधण्यापूर्वी आपल्या गाडीची बादली एकदा पाहा, आणि ती उचलणाऱ्याला पाणी पुरते का, एवढे विचारा.