शाहिरातला ‘ह’ कुठून आला?

(पनवेल येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

विमानतळासाठी जमिनी जाऊ लागल्यापासून पनवेल तालुक्यातल्या घराघरांत काही शब्द रोजचे झाले: वारस, मालक, दाखल, अर्ज, हक्क. तालुका आणि तहसीलही त्यातलेच. हे सारे मुळात अरबी, आणि बहुतेक फारसीच्या वाटेने आलेले. पण आपण ते आले तसे ठेवले नाहीत.

मूळ रूपे मालिक, वारिस, दाखिल. अकारान्त शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधी ऱ्हस्व इकार मराठीला सहसा रुचत नाही. म्हणून ‘जाहिर’चा जाहीर झाला, ‘जामिन’चा जामीन, आणि मालिक, वारिस यांतला इकार अकारात विरला.

याहून देखणा नियम जोडाक्षरांचा आहे. ‘अक्ल’, ‘नक्ल’, ‘कत्ल’, ‘अस्ल’ असे शेवटी दोन व्यंजने आदळणारे शब्द आले, तेव्हा मराठीने पहिले व्यंजन दुप्पट केले आणि मध्ये अ घातला: अक्कल, नक्कल, कत्तल, अस्सल. आधी उकार असेल तर आतही ऊकारच: हुक्म–हुकूम, जुल्म–जुलूम, मुल्क–मुलूख. इकार असेल तर फिक्र–फिकीर. अर्ज, कर्ज मात्र तसेच राहिले, कारण रफार आपल्या जिभेला अडत नाही. आणि ‘कुफ्ल’चे काय झाले पाहा: फ आणि ल यांनी जागा बदलल्या, फचा प झाला, आणि घरोघरी कुलूप लागले!

समुद्रापलीकडे मलय भाषेनेही ‘हुक्म’चा हुकुम आणि ‘फिक्र’चा फिकिर केला. दोन भाषांची एकमेकींशी ओळख नसताना तोडगा एकच निघाला, याचा मला फार आनंद वाटतो. पण घशातून येणारा अरबी ‘ऐन’ आला, तेव्हा वाटा फुटल्या. अरबीतून आलेल्या ‘रइय्यत’चे मलयात रक्यात झाले, ऐनच्या जागी क बसला. आपण तो गाळून रयत म्हटले. ‘किल्ला’त त्याच्या जागी ल दुप्पट झाला. आणि ‘जिल्हा’त, ‘शाहीर’मध्ये (मूळ शब्द ‘शाइर’) तिथे चक्क ह आला.

माधवराव पटवर्धनांनी 1925 साली फारसी-मराठी कोश दिला. या वाटेने आलेल्या शब्दांचा माग काढू इच्छिणाऱ्याने तो हाताशी ठेवावा. या शब्दांना नुक्ते (अक्षराखालची टिंबे) लावून ‘शुद्ध’ करू पाहणारे आणि परके म्हणून हाकलू पाहणारे, दोघेही मराठीच्या या कामगिरीवर अन्याय करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक काम पनवेलकरांनीच करावे असे वाटते. इथल्या कोकणी मुसलमान घरांतली वडीलधारी माणसे कुराण वाचताना ऐन उच्चारतात आणि ओटीवर बसून तुमच्या-माझ्यासारखेच ‘जिल्हा’ म्हणतात. एकाच जिभेवरचे हे दोन्ही उच्चार कुणीतरी, त्यांच्या परवानगीने, ध्वनिमुद्रित करून ठेवावेत.