अंगठा देण्याआधी विचारा
(शहापूर तालुक्यातल्या बैठकीतलं भाषण)



मागच्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावर माणसं आली. रक्त नेलं, कागदावर अंगठे घेतले. कशासाठी ते सांगितलं नाही, रिपोर्ट आजवर नाही. आजी म्हणाली, "सावकारानं पण असाच अंगठा घेतलेला, मग शेत गेलं."

२००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना, त्यात कितीतरी आदिवासी, अभ्यासासाठी कॅन्सरची लस टोचली. संमतीच्या २,७६३ कागदांवर सही कोणाची? आईबापाची नाही, वसतिगृहाच्या वॉर्डनची! ओरड झाली तेव्हा २०१० मध्ये सरकारनं ते थांबवलं.

आयसीएमआर म्हणजे सरकारी वैद्यक संशोधन परिषद. तिचा नियम आहे: अभ्यास कसला ते आपल्या भाषेत सांगायचं. वाचता येत नसेल तर त्यांच्यातला नसलेला साक्षीदार पाहिजे. नको म्हटलं, मधेच सोडलं, तरी औषधपाणी बंद करता येत नाही.

संशोधन नकोच असं मी म्हणत नाही. सिकलसेलची तपासणी आपल्याला हवीच. पण वनहक्क दाव्याला ग्रामसभा बसते, तशी या कागदालाही बसू द्या.

आमचं रक्त कुठं गेलं, हे विचारणारा अर्ज लिहिलाय. सोमवारी आरोग्य केंद्रात द्यायचाय. कोण कोण येतंय?