पासपोर्ट कुणाच्या कपाटात?

(३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त बुलढाण्यात झालेल्या मेळाव्यातील भाषण)



मला सांगण्यात आलं, "बाई, तुम्ही अमेरिका पाहून आलात, प्रवासाबद्दल बोला." नायगारा पाहिला, न्यूयॉर्कच्या इमारती पाहिल्या. त्यांचे फोटो जेवणाच्या सुट्टीत दाखवीन. बोलायचं आहे ते तिथे भेटलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनींबद्दल.

चिखली तालुक्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं गणित शिकवलं. या दोघी एकाच बाकावर बसायच्या. नावं सांगत नाही. पहिली इंजिनिअर झाली आणि नोकरीच्या व्हिसावर स्वतः गेली. दुसरी एम.एस्सी. होऊन खामगावला शिकवत होती. लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या व्हिसावर गेली. आता दोघीही न्यू जर्सीत राहतात. मला दारात पाहून दुसरी म्हणाली, "बाई, इतके दिवस काहून आल्या नाही तुम्ही?"

एका रविवारी पहिलीनं गाडी काढली आणि आम्ही तिघी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी गेलो. तिथे आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. १८८६ साली फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पुरी न होता, पुण्यात वारल्या. ज्यांना त्या मावशी म्हणत, त्या कार्पेंटरबाईंनी आपल्या घरच्या दफनभूमीत त्यांच्या अस्थींना जागा दिली. गोपाळरावांनी बायकोला शिकवलं, याचं आपण कौतुक करतो. ते खरंच आहे. पण त्यांनी तिला मारलंही, हे आनंदीबाईंनी स्वतः पत्रात लिहून ठेवलं आहे. मी हे बोलले तेव्हा दुसरी एकदम गप्प झाली.

रात्री भांडी विसळताना तिनं सांगितलं. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, कपाटाला कुलूप. भाजीचे पैसे मोजून मिळतात. घरी फोन करायचा तो तो समोर असतानाच. "बाई, मी इथे पाहुणी आहे, आणि तीही त्याच्या मर्जीची."

नवऱ्याच्या अशा व्हिसावर गेलेल्या बाईला तिथे आपोआप नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काहीजणींना परवानगी मिळते, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्यापर्यंत गेलं असेल तरच. म्हणजे खामगावला स्वतःच्या पगारावर सही करणारी मुलगी तिथे पोचताक्षणी पूर्ण अवलंबून झाली.

आता माझी चूक सांगते. लग्न ठरवण्याआधी तिचे वडील मला विचारायला आले होते. मी म्हणाले, "अमेरिकेचं स्थळ आहे, हातचं सोडू नका." व्हिसा कोणता, तिला नोकरी करता येईल का, हे मी विचारलं नाही. मुलाचा पगार मात्र विचारला. मुलींना मी व्याजाची गणितं शिकवली, पण स्वतःचे कागद स्वतःजवळ ठेवायला शिकवलं नाही.

परत आल्यावर मी तिच्या माहेरी गेले. लग्नाच्या वेळी काढलेल्या पासपोर्टाच्या आणि विवाह नोंदणीच्या प्रती भावाकडे होत्या. त्या पहिलीकडे पाठवल्या. आता त्या दुसरीच्या हाती आहेत. मूळ पासपोर्ट अजून कपाटातच आहे. पुढचं पाऊल कधी टाकायचं, ते तीच ठरवील. गावात मात्र "तिनंच जुळवून घ्यावं" असं ऐकते. सगळा दोष बाईच्याच माथी का, हे ताराबाई शिंद्यांनी याच बुलढाण्यातून १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना'मध्ये विचारलं होतं.

तेव्हा बायांनो, परदेशचं स्थळ आलं तर व्हिसाचा प्रकार आधी विचारा. सगळ्या कागदांच्या प्रती माहेरी आणि एका मैत्रिणीकडे ठेवा. १९६७ च्या कायद्यानं पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आहे, नवऱ्याची नव्हे. अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांतल्या तक्रारींसाठी २००९ पासून राष्ट्रीय महिला आयोगात वेगळा कक्ष आहे. हे सगळं दहावीच्या वर्गातच मुलींना सांगायला हवं. शिक्षिका बहिणींनो, हे काम आपलं आहे. मी उशिरा शिकले. तुम्ही उशीर करू नका.