शब्दसंपत्ती आणि वाचनातील आकलन



पाल्य धडा घडाघडा वाचू लागले की घरातील मंडळींना धन्यता वाटते. परंतु उच्चार शुद्ध असला म्हणजे अर्थ कळलाच, असे मुळीच नव्हे. ‘अवर्षणामुळे खरीप हंगाम हातचा गेला’ हे वाक्य चौथीतील शहरी विद्यार्थी न अडखळता वाचेल. मात्र ‘अवर्षण’ आणि ‘खरीप’ हे शब्द त्याच्या कानांवर कधी पडलेले नसतात आणि ‘हातचा’ म्हणजे त्याच्या लेखी बेरजेतला हातचा! शेतकऱ्याचे पीक बुडाले, ही त्या वाक्यातील व्यथा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

ग्रामीण भारतातील २०२४ च्या ‘असर’ पाहणीत पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. ही चाचणी मोठ्याने वाचण्याची आहे. वाचलेले समजणे ही त्यापुढची पायरी होय. ती चुकली की हानी केवळ भाषा विषयाची होत नाही. ‘उर्वरित’, ‘अनुक्रमे’, ‘शेकडा’ हे शब्द न उमगल्यामुळे हिशेब येत असूनही उदाहरण चुकते आणि ‘मुलगा गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो.

मग शब्द शिकवावे तरी कोणते? इझाबेल बेक, मार्गारेट मॅकिओन आणि लिंडा कुकन या अमेरिकन अभ्यासकांनी २००२ साली आपल्या ग्रंथात शब्दांचे तीन स्तर मांडले. ‘पाणी’, ‘धावणे’ असे शब्द मूल घरीच शिकते. ‘बाष्पीभवन’सारखे शब्द त्या-त्या विषयाच्या तासाला समजावले जातात. मधल्या स्तरातील ‘परिणाम’, ‘अभाव’, ‘विपुल’, ‘तुलना’ हे शब्द मात्र प्रत्येक विषयाच्या पुस्तकात येतात आणि कोणीच मुद्दाम शिकवत नाही. खरी मेहनत तेथेच हवी.

शब्दार्थ वहीत उतरवून पाठ केल्याने हे साधत नाही. मराठीत शब्दांची कुळे आहेत. ‘वर्षा’ ठाऊक असलेल्या मुलाला ‘वर्षाव’, ‘वर्षण’ आणि ‘अवर्षण’ एकाच ओळीत दाखवावे. ‘अ’ म्हणजे नसणे, हे त्याचे त्यालाच उमगते. तथापि, ‘अवनती’त उपसर्ग ‘अ’ नसून ‘अव’ आहे. म्हणून तर्काने काढलेला अर्थ वाक्यात बसतो का, हे पडताळण्याची सवयही लावावी. शिवाय एकदा वाचलेला शब्द सहसा मनात ठरत नाही. तो बोलण्यात, लेखनात आणि निरनिराळ्या वाक्यांत पुनःपुन्हा भेटला पाहिजे. आठवड्याला पाच-सात शब्दच घ्यावेत, पण ते मुरवावेत.

आपल्या समाजातील अनेक घरांत गुजराती, मारवाडी वा हिंदी बोलली जाते. ही अडचण नव्हे, भांडवल आहे. गुजराती ‘दुकाळ’ जाणणाऱ्या मुलाला मराठी ‘दुष्काळ’ परका वाटत नाही. सावधगिरी एवढीच की, हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड. असा भेद घरातच हसत-खेळत उलगडून सांगावा.

पालकांनी रोज दहा मिनिटे मुलासमवेत वृत्तपत्रातील एक बातमी वाचावी आणि ‘वाचून दाखव’ म्हणण्याऐवजी ‘काय घडले ते तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हणावे. अडलेला शब्द विचारणाऱ्या मुलाला ‘एवढेही येत नाही?’ असे हिणवू नये. एकदा लाजलेले मूल पुन्हा विचारत नाही. न समजताच वाचत राहते, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. विचारणाऱ्या मुलाचे कौतुक होईल, त्या घरात पुस्तके खऱ्या अर्थाने उघडली जातील.