लिटरला किती मिली?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यापुढे भावाचा प्रश्न आहे, विजेचा आहे, कर्जाचा आहे. अशा वेळी पेट्रोलमध्ये तेल किती घालायचे यावर आम्ही बोलायला उभे राहिलो म्हणून काही जणांना हसू येईल. येऊ द्या. पण आधी एक सांगा. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी गवत कापायचे यंत्र किंवा पेट्रोलवरचा फवारणी पंप आहे? हात वर करा. बघा, निम्मा मांडव वर आला. आता त्याच्या टाकीत लिटरला किती मिली तेल घालता ते सांगा. इथे पाच जणांची सहा उत्तरे येतात. कोणी म्हणतो एक झाकण, कोणी म्हणतो रंग येईपर्यंत, कोणी म्हणतो दुकानदाराने सांगितले तेवढे.

औषधाच्या बाबतीत आपण असे करत नाही. पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, हे आपल्या घरातल्या म्हातारीलाही पाठ असते. मग हजारो रुपयांच्या यंत्राला अंदाजपंचे का?

आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या अकरा जणांच्या गटाने आंबा-काजूच्या बागांसाठी एक ब्रश कटर घेतला. यंत्राबरोबरचे पुस्तक इंग्रजीत. गटात शेतीची पदवी घेतलेले आम्हीच, म्हणून वाचायचे काम आमच्याकडे आले. पुस्तकात प्रमाण होते २५ ला १. आम्ही वाचले आणि गोठ्याच्या भिंतीवर कागद चिकटवला : लिटरला २५ मिली. यंत्र चालवायला वाडीतला एक पोरगा रोजावर ठेवला.

पावसाळा संपता संपता गवत काढायची घाई सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात ऐन उतारावर इंजिन जाम झाले. दोरी ओढली तर हलेना. बैठक बसली. पोरगा रेस सोडतच नाही, यंत्र तापवतो, असे ठरले. दुरुस्तीचा निम्मा खर्च त्याच्या रोजातून कापायचे ठरले. तो म्हणाला, "भाऊ, कागदावर लिहिले आहे तेच माप घातले मी." कोणी ऐकले नाही. आम्हीही नाही.

तालुक्याच्या मेकॅनिकने सिलिंडर उघडला. पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगा खाचेत चिकटलेल्या. त्याने विचारले, "तेल किती घालता?" आम्ही म्हणालो, पंचवीस मिली. "आणि पुस्तकात प्रमाण?" पंचवीसला एक. तो म्हणाला, "मग चाळीस मिली घालायला हवे होते."

चूक पोराची नव्हती, कागदाची होती. कागद आमचा होता. बैठक बोलावून आम्ही कबूल केले, कापलेला रोज परत दिला. पण ते दोन आठवडे गावात तो पोरगा मशीन जाळणारा म्हणून फिरला, ते कसे परत देणार? म्हणून हा विषय घेऊन आम्ही जिल्ह्याच्या मेळाव्यात आलो आहोत. मालक हिशेब चुकतो आणि दंड मजूर भरतो, ही रीत आपल्या संघटनेत चालता कामा नये.

आता हिशेब नीट समजून घ्या. २५ ला १ म्हणजे पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल. लिटरचे मिली हजार. हजाराला पुस्तकातल्या आकड्याने भागा, येईल ते लिटरचे माप. २५ ने भागले तर ४० मिली. ३० ने भागले तर ३३. ४० ने भागले तर २५. ५० ने भागले तर २०. म्हणजे आकडा मोठा तर तेल कमी. इथेच फसगत होते. २५ ला १ असताना कोणी २५ मिली घातले, तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेल कमी पडते आणि यंत्र मरते. उलट ५० ला १ असताना ५० मिली घातले, तर तेल अडीचपट होते आणि यंत्र धुराने गुदमरते. दोन्ही चुका एकाच वाचण्यातून होतात.

तेलावर एवढे का अवलंबून? ट्रॅक्टरच्या इंजिनाला खाली तेलाचे पात्र असते, तिथून तेल सगळीकडे फिरते. टू-स्ट्रोक इंजिनाला असे पात्रच नाही. पेट्रोल आणि हवा आधी खालच्या क्रँकच्या खोलीत येते आणि मग वर जाते. त्या पेट्रोलाबरोबर जेवढे तेल आले तेवढेच बेअरिंगला, पिस्टनला आणि सिलिंडरला मिळते. नंतर ते जळून धुराड्यातून बाहेर जाते. पेट्रोलात तेल नाही, तर इंजिनात तेलाचा थेंब नाही.

काही जण म्हणतील, ल्युनाला आणि जुन्या स्कूटरला आम्ही अंदाजाने तेल टाकत होतो, काही झाले नाही. स्कूटर रस्त्यावर धावते, वारा लागतो, रेस कमी-जास्त होते. ब्रश कटर जागच्या जागी मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांनी तासन्‌तास पूर्ण रेसवर चालतो. दोघांची तुलना नको.

मग जास्तच तेल घालावे, म्हणजे काळजी मिटली? तेही नाही. जास्त तेलाने प्लग काळा पडतो, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते, इंजिनाची ताकद जाते, आणि चालवणाऱ्याच्या नाकातोंडात धूर जातो. पुस्तक हरवले असेल तर मॉडेलचा नंबर घेऊन विक्रेत्याकडून लेखी माप मागा. ते मिळेपर्यंत चालवणे भागच असेल, तर कमी तेलाकडे झुकू नका. काळा प्लग पुसता येतो, ओरखडलेला पिस्टन पुसता येत नाही.

तेल कोणते? डब्यावर टू-टी लिहिलेले हवे, आणि प्रतीची खूण बघा : जासो एफसी किंवा एफडी. या एअर-कूल्ड इंजिनासाठीच्या प्रती आहेत. होडीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे टीसी-डब्ल्यू३ तेल वेगळे. किनाऱ्यावरच्या आपल्या भावांकडे ते असते, म्हणून सांगतो, ते यात घालू नका. ट्रॅक्टरचे इंजिन ऑईलही नको. ते जळण्यासाठी बनवलेले नाही, त्यातल्या धातूच्या क्षारांची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. आणि गाडीतून काढलेले जळके तेल घालणाऱ्याला तर आम्ही हात जोडतो.

तेलात काटकसर करणाऱ्यांनी एक हिशेब करावा. तेल लिटरला ४०० रुपये धरा. लिटरमागे १५ मिली वाचवले तर सहा रुपये वाचले. दिवसाला पाच लिटर पेट्रोल जाळले तरी तीस रुपये. आणि पिस्टन-सिलिंडर बदलायचे बिल? ज्यांनी भरले आहे त्यांनी शेजाऱ्याला सांगावे.

आता नवी गोष्ट, आणि ही आपल्या उसाशी बांधलेली आहे. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असते. हे इथेनॉल उसाचे, मक्याचे, म्हणजे आपलेच. त्याला आपला विरोध नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. डबा उघडा राहिला, पावसाळी हवा लागली, टाकीत पाण्याचे थेंब गेले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसते. तेल मात्र वरच्या पेट्रोलात राहते. टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणजे माप बरोबर घालूनही इंजिनाला बिनतेलाचा माल मिळतो. शिवाय जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचा पडदा इथेनॉलने फुगतो, कडक होतो. म्हणून थोडे मिश्रण काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला, तर ते यंत्रात घालू नका. नळ्यांना दर हंगामाला हात लावून बघा.

करण्याची पद्धत अशी. यंत्राच्या टाकीत कधी मिसळू नका. पेट्रोलसाठीचा झाकणाचा डबा घ्या, थंड पेयाची बाटली नको. आधी निम्मे पेट्रोल, मग मोजलेले तेल, हलवा, मग उरलेले पेट्रोल, पुन्हा हलवा. मापासाठी औषधाच्या दुकानातली २० मिलीची कोरी सिरिंज आणा आणि तेलासाठीच ठेवा. कीटकनाशकाचे माप वापरू नका. टाकी भरताना दर वेळी डबा हलवा, गाळणीतून ओता. महिन्याभरात संपेल एवढेच बनवा. इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल ओतू नका, आणि तोंडात विडी घेऊन तर मुळीच नाही. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधले संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. दोन यंत्रांचे प्रमाण वेगळे असेल तर डबे वेगळे, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात माप.

आणखी एक. बाजारात फोर-स्ट्रोक ब्रश कटरही आले आहेत. त्यांना इंजिनावर तेल भरायचे वेगळे झाकण असते. त्यांच्या पेट्रोलात तेल घालायचे नाही, तेल त्या झाकणातून पातळीइतके भरायचे. एका घरात दोन्ही असतील तर घरच्या सगळ्यांना फरक दाखवून ठेवा.

आता सरकारला आणि विक्रेत्यांना विचारू. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या पेट्रोल पंपांवर सुट्या टू-टी तेलाची विक्री बंद करायला आणि मिश्रण यंत्राने मोजून द्यायला सांगितले. राजधानीतला धूर कमी व्हावा म्हणून. चांगले झाले. पण तोच धूर खांद्यावर इंजिन घेऊन दिवसभर ओढणाऱ्या आमच्या पोरांसाठी कोणी काय केले? अनुदानाच्या यादीत यंत्र असते, पण मराठी पुस्तक नसते. कागदपत्रांसाठी दहा चकरा मारायला लावतात, पण यंत्र हातात देताना दहा मिनिटे शिकवत नाहीत.

म्हणून तीन मागण्यांचा ठराव आम्ही मांडतो. एक, अनुदानावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या टाकीवर मराठीत माप लिहिलेले असावे, प्रमाणात नव्हे, लिटरला मिलीत. दोन, २० टक्के इथेनॉल त्या यंत्राला चालते की नाही हे विक्रेत्याने बिलावर लिहून द्यावे. तीन, यंत्र देताना ते प्रत्यक्ष चालवणाऱ्या माणसाला, मग तो मालक असो की मजूर, समोर बसवून शिकवावे.

आणि सरकारची वाट न बघता प्रत्येक गटाने पुढच्या मेळाव्याच्या आत एक काम करावे. भिंतीवरचा कागद काढून त्याचा हिशेब दोघांनी मिळून पुन्हा तपासावा. त्यातला एक यंत्र चालवणारा असावा. आमच्या गोठ्यात नवा कागद लागला आहे. त्यावर ४० मिली लिहिले आहे, आणि ते अक्षर त्या पोराचे आहे.