मिरपुडी पंखांचा पतंग

इंग्लंडमधील बर्चच्या झाडांवर बिस्टन बेट्युलारिया हा निशाचर पतंग आढळतो. त्याच्या पांढुरक्या पंखांवर मिरपूड शिंपडावी तसे काळे ठिपके असतात. दिवसा तो दगडफुलाने माखलेल्या सालीवर निश्चल बसतो. त्याची अळी हुबेहूब डहाळीसारखी दिसते. विलक्षण गोष्ट अशी, की तिचे डोळे झाकले तरी ती त्वचेने भोवतालचा रंग ओळखते आणि हळूहळू हिरवी वा तपकिरी होते. हिवाळा ती कोषरूपाने मातीत काढते. पंख फुटल्यावर मात्र ही सोय उरत नाही. पतंगाचा रंग आनुवंशिकतेनेच ठरलेला असतो.

गिरण्यांच्या धुराने दगडफूल मेले, साली काळवंडल्या आणि पांढरे पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले. १८४८ मध्ये मँचेस्टरला काळा पतंग नोंदला गेला. शतकाअखेरीस तेथे जवळजवळ सारे काळेच उरले. काळ्यांची संतती निदान दीडपट टिकत असली पाहिजे, हे गणित १९२४ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी मांडले. हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले व भुवनेश्वरला निवर्तले. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर साली उजळत गेल्या. आज तेथे काळा पतंगच दुर्मीळ आहे.